भविष्याचा भाव कोण ठरवतो?

सांगलीच्या बाजार समितीत हळदीचा सौदा निघतो तेव्हा व्यापारी हळकुंड मोडून पाहतो, आतला रंग आणि ओल पारखतो आणि मगच बोली लावतो. भविष्य सांगण्याच्या व्यवसायात अशी पारख करण्याची सोयच नसते, कारण जे विकले जाते ते उद्याविषयीचे बोलणे असते आणि पैसे मात्र आज मोजावे लागतात. अर्थशास्त्रात मालाचे या दृष्टीने वर्ग पाडलेले आहेत. घेण्यापूर्वीच पारखता येणारा माल आणि वापरल्यावर कळणारा माल, असे दोन वर्ग फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये सांगितले. डार्बी आणि कार्नी या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये त्यांत तिसऱ्या वर्गाची भर घातली आणि वापर झाल्यानंतरही ज्याचा दर्जा गिऱ्हाइकाला कळू शकत नाही, असा निव्वळ विश्वासावर घेतला जाणारा माल त्यात टाकला. गाडीची दुरुस्ती किंवा वैद्यकीय उपचार ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. परंतु तेथे निदान दुसऱ्या मेकॅनिकला किंवा दुसऱ्या डॉक्टरला विचारून पडताळा घेता येतो. पत्रिका, प्रश्नकुंडली, हस्तरेषा, अंगात येणे किंवा देवाला कौल लावणे यांच्या बाबतीत दुसऱ्याला विचारले तर हाती पडताळा येत नाही, आणखी एक भाकीत तेवढे येते. त्यामुळे या व्यवसायातला भाव गुणवत्तेवर ठरत नाही. तो विचारणाऱ्याच्या निकडीवर, सांगणाऱ्याच्या नावलौकिकावर आणि विशेषतः पैसा कोणत्या नावाने मागितला जातो यावर ठरतो. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत या तिन्ही गोष्टींचा इतिहास आणि वर्तमान जवळून पाहता येतो.

जुन्या गावगाड्यात हा भाव ठरवण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. गावचा जोशी हा बलुतेदारांपैकी एक होता, म्हणजे गावाला लागणाऱ्या सेवेच्या बदल्यात सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याचा ठरावीक वाटा घेणारा वंशपरंपरागत सेवेकरी. तिथी-वार सांगणे, मुहूर्त काढणे, जन्मटिपण करणे ही त्याची कामे असत, आणि भाकीत चुकले म्हणून बलुते कमी होत नसे की बरोबर आले म्हणून वाढत नसे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गांव-गाडा’ या १९१५ मधील ग्रंथात या व्यवस्थेचे सविस्तर आणि बरेचसे कठोर वर्णन केले आहे. बलुत्याव्यतिरिक्त लग्न, बारसे, श्राद्ध अशा प्रसंगी दक्षिणा मिळे ती वेगळी. हा हक्क वतन मानला जात असल्यामुळे यजमानाने दुसऱ्या भटजीकडून विधी करवून घेतला तरी आपली दक्षिणा बुडाली म्हणून वतनदार जोशी त्याच्यावर दावा लावू शकत असे, आणि इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनी असे दावे मान्यही केले. गिऱ्हाइकाने सेवा घेतली नाही तरी तिची किंमत त्याच्याकडून वसूल करता यावी, अशी ही विलक्षण बाजारपेठ होती.

तिच्यावर सर्वांत मोठा आघात करणाऱ्या जोतीराव फुले यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातले खटाव तालुक्यातील कटगुण होय. ‘ब्राह्मणांचे कसब’ (१८६९) आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या पुस्तकांतून त्यांनी जन्मापासून मृत्यूपर्यंत आणि वर्षभराच्या सणावारांत शेतकऱ्याच्या घरातून कोणकोणत्या निमित्ताने पैसा, धान्य आणि शिधा बाहेर जातो याची जंत्रीच मांडली. धर्मचर्चेत रस नसलेल्या वाचकानेही तो भाग एका शेतकरी कुटुंबाचा जमाखर्च म्हणून वाचण्यासारखा आहे, कारण एकेका प्रसंगी किरकोळ वाटणारी रक्कम वर्षाअखेरीस किती होते, हे त्यातून उमगते. त्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने पुरोहितावाचून लग्ने लावली आणि दक्षिणेचे वाद न्यायालयांपर्यंत पोहोचले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत सातारा जिल्ह्यात ही चळवळ खेडोपाडी पसरली. अखेर १९२६ मध्ये मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाने कायदा करून, न बोलावलेल्या जोशाचा दक्षिणेवरील हक्क संपुष्टात आणला. त्यासाठी झटणाऱ्यांत रावबहादूर सीताराम केशव बोले यांचे नाव घेतले जाते. पुढे १९४२ नंतरच्या प्रतिसरकारच्या काळात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग सातारा जिल्ह्यातच असताना, क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्पखर्चाचे ‘गांधी विवाह’ लावले. त्या मांडवांत मुहूर्ताचा भाव शून्यावर आला होता.

कायद्याने सक्ती गेली तरी मागणी गेली नाही, आणि येथूनच आजच्या बाजाराला सुरुवात होते. एका टोकाला दारोदार फिरणारे भविष्यवेत्ते आहेत. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत ‘जोशी’ या नावाखाली बुडबुडकी, डमरूवाले, कुडमुडे, मेढंगी, सरोदे, सहदेव जोशी अशा शाखांची नोंद आहे. नंदीबैलवाले त्यांहून वेगळे. पहाटे दारात उभा राहणारा पिंगळा किंवा मान हलवणाऱ्या नंदीबैलाचा धनी जे सांगतो त्याचा मोबदला म्हणजे सुपातले पसाभर धान्य, भाकरी, जुने लुगडे किंवा हातावर ठेवलेली नोट. दर तो ठरवत नाही, घरातली बाई ठरवते, आणि तिने ‘पुढच्या दाराला जा’ म्हटले की व्यवहार संपतो. दुसऱ्या टोकाला शहरातले कार्यालय थाटून बसलेले ज्योतिषी आहेत, जे फोनवर वेळ देतात, पत्रिका पाहणे, गुणमेलन, प्रश्न विचारणे आणि वास्तूला भेट यांचे वेगवेगळे दर सांगतात आणि ज्यांच्या टेबलावर गणपतीच्या तसबिरीशेजारी पैसे भरण्याचा क्यूआर कोड चिकटवलेला असतो. या दोहोंच्या मध्ये खेड्यातला देवरुषी येतो. अंगात आणून किंवा तांदळाचे दाणे मोजून तो ‘बाहेरचे’ काही आहे का ते सांगतो, स्वतःसाठी काही मागत नाही, पण नारळ, लिंबे, कोंबडा आणि उताऱ्याचे सामान आणायला लावतो आणि बाकीचे ‘देवापुढे ठेवा’ म्हणतो.

या तिघांत सर्वांत स्वस्त कोण आणि सर्वांत सचोटीचा कोण, हे दोन निराळे प्रश्न आहेत. समाजात साधारण समजूत अशी की जो दर सांगतो तो धंदेवाईक आणि जो ‘इच्छेला येईल ते द्या’ म्हणतो तो निःस्पृह. व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर ही समजूत उलटी करावी लागते. आधी सांगितलेला दर गिऱ्हाइकाला घासाघीस करण्याची, दुसरीकडे चौकशी करण्याची आणि उठून जाण्याची संधी देतो. न सांगितलेली दक्षिणा ही संधी काढून घेते, कारण समोर देव्हारा असतो, घरात आजारी मूल किंवा लग्नाला आलेली मुलगी असते, शेजारी सासू बसलेली असते, आणि अशा स्थितीत आपण कमी ठेवले तर फळही कमी मिळेल ही धास्ती हात खिशात आणखी खोल घालायला लावते. अकरा, एकवीस, एकावन्न, एकशे एक अशी जी पायरी रूढ आहे तीही दराचे काम गुपचूप करते. एकावन्नच्या पुढे जायचे ठरले की पाऊणशेवर कोणी थांबत नाही, सरळ एकशे एकावर जातो. जुन्या सव्वा रुपयाचा मान त्या एका रुपयाच्या वाढीत अजून टिकून आहे.

दुसरी गोष्ट अशी की ज्या माहितीसाठी पूर्वी जोशाकडे जावे लागे तिचा भाव आता जवळजवळ उरलेला नाही. सोलापूरचे दाते पंचांग घरोघर असतेच. १९७३ मध्ये जयंतराव साळगावकर यांनी ‘कालनिर्णय’ सुरू केल्यावर तिथी, सण, चतुर्थीचा चंद्रोदय आणि लग्नाचे मुहूर्त भिंतीवर टांगले गेले. संगणकाने पत्रिका मांडण्याचे काम काही क्षणांवर आणले आणि मोबाइलवर तेच फुकट होते. माहिती स्वस्त झाल्यावर व्यवसायाचे उत्पन्न दोन ठिकाणी सरकले. एक म्हणजे बोलण्याचा वेळ: ऑनलाइन सल्ला देणारी अॅप दर मिनिटाला पैसे आकारतात आणि पहिली काही मिनिटे फुकट किंवा नाममात्र दरात देतात. मिनिटावर दर असला की सल्लागाराचे हित प्रश्न लवकर सुटण्यात राहत नाही, बोलणे लांबण्यात राहते, आणि चिंतेत असलेला माणूस तर बोलायलाच आलेला असतो. दुसरे ठिकाण म्हणजे तोडगा, अर्थात सांगितलेले संकट टाळण्याचा उपाय. ग्रहशांत, कालसर्पाची पूजा, त्र्यंबकेश्वरचा नारायण नागबळी, बोटात घालायचा पुष्कराज किंवा नीलम, घरात टांगायचे यंत्र, वास्तुदोषासाठी पाडायची भिंत यांचा खर्च पत्रिका पाहण्याच्या फीच्या कितीतरी पट होतो. म्हणून या व्यवसायातला खरा दर पहिल्या भेटीत कधीच सांगितला जात नाही. पहिली फी ही दारावरची असते. आत गेल्यावर दोष निघतो, दोषावर उपाय निघतो आणि उपाय लागू पडला नाही तर दोष मोठा असल्याचे निष्पन्न होते.

दुष्काळी पट्ट्यातल्या पाणाड्याच्या व्यवहारात भाव ठरण्याची ही रीत सर्वांत उघडी दिसते. पाणाडी म्हणजे जमिनीखालचे पाणी कोठे आहे ते सांगणारा माणूस. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव या तालुक्यांत बोअर घ्यायची ठरली की आधी त्याला बोलावणे धाडले जाते. तो इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी दुबेळक्याची ओली फांदी दोन्ही मुठींत धरून शेतात फिरतो, किंवा सोललेला नारळ तळहातावर आडवा ठेवून चालतो. फांदी खाली झुकली किंवा नारळ उभा राहिला की तेथे दगड ठेवून कुंकू वाहिले जाते आणि ‘पॉइंट’ निघाला असे म्हणतात. किती फुटांवर आणि किती इंची पाणी लागेल हेही तो सांगतो. मग बोअरची गाडी येते, फुटाच्या हिशेबाने खर्च चढू लागतो, केसिंग पाइपाचे पैसे वेगळे लागतात, आणि कधी पाण्याचा फवारा निघतो तर कधी नुसता फुफाटा.

पाणाड्याचा मोबदला पुष्कळदा ‘पाणी लागले तरच द्या’ अशा बोलीवर ठरतो आणि शेतकऱ्याला ती बोली न्याय्य वाटते. थोडा हिशेब केल्यास तिचे स्वरूप कळते. समजा, एखाद्या भागात डोळे मिटून कोठेही बोअर घेतली तरी दहांपैकी सहा ठिकाणी थोडेफार पाणी लागते, आणि पाणाड्याची बिदागी दोन हजार रुपये आहे. तो काहीही न जाणता दहा पॉइंट दाखवील तर सहा जणांकडून बारा हजार रुपये त्याला मिळतील आणि उरलेल्या चौघांचे तो काही देणे लागणार नाही. चौघांची बोअर मात्र फेल गेलेली असते आणि तिचा संपूर्ण खर्च त्यांच्या माथी असतो. मुलगा झाला तरच पैसे घेईन, मुलगी झाली तर परत करीन, असे सांगणाऱ्या भोंदूचा धंदाही याच गणितावर चालतो. जन्मणाऱ्या मुलांपैकी सुमारे निम्मे मुलगेच असतात आणि त्यांचे आईबाप त्याची जाहिरात फुकट करतात. यशावर अवलंबून असलेली फी ही जाणकारीची खूण तेव्हाच ठरते, जेव्हा अपयशाची झळ सल्ला देणाऱ्यालाही बसते.

पाणी सापडण्याची शक्यता मुळात किती, हे खडकावर अवलंबून असते. या भागाचा बहुतेक भूभाग बेसाल्टचा, म्हणजे लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या पाषाणाचा आहे. त्यात पाणी भूमिगत नद्यांतून वाहत नसते, तर झिजलेल्या थरांत, भेगांत आणि सच्छिद्र पट्ट्यांत साठलेले असते. राज्य शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा जमिनीत वीजप्रवाह सोडून त्याला होणारा विरोध मोजते आणि त्यावरून ओल्या थराचा अंदाज बांधते. हा अंदाजही चुकू शकतो, परंतु तो कशावरून बांधला हे कागदावर असते आणि दुसऱ्या भूवैज्ञानिकाला तपासता येते. सल्ल्याच्या फीवर हजार-दोन हजार रुपये वाचवून बोअरवर त्याच्या अनेक पट घालवण्याचा व्यवहार नेहमी महाग पडतो. गरज इतकी तातडीची असते की हे गणित मांडायला कोणी थांबत नाही, हे मात्र समजण्यासारखे आहे.

निकड जितकी मोठी तितका भाव मोठा, या नियमाला वरची मर्यादा नसते. सांगली जिल्ह्यातल्या मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे २० जून २०२२ रोजी एकाच कुटुंबातील नऊ जण मृतावस्थेत आढळले. सावकारी कर्जापायी झालेली सामूहिक आत्महत्या असे आरंभी मानले गेले. नंतर पोलिसांनी असा निष्कर्ष काढला की गुप्तधन मिळवून देण्याच्या आमिषाने एका मांत्रिकाने या कुटुंबाकडून मोठी रक्कम उकळली होती आणि पैसे परत मागितले जाऊ लागल्यावर त्यांना विष देण्यात आले. या प्रकरणात मांत्रिकासह दोघांना अटक झाली. पत्रिका पाहणाऱ्या सामान्य ज्योतिषाला अशा गुन्हेगाराच्या पंक्तीला बसवणे अन्यायाचे होईल. तथापि किमतीची रचना दोहोंकडे सारखी असू शकते: एकूण खर्च कधीच सांगायचा नाही, आणि आधी दिलेला पैसा वाया जाऊ नये म्हणून पुढचा पैसा द्यायला लावायचा.

कायद्याची या क्षेत्रातील भूमिका बारकाईने समजून घेण्यासारखी आहे. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली आणि जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दीर्घकाळ प्रयत्न केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, त्यानंतर चारच दिवसांनी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. चमत्काराचा दावा करून फसवणे, पैसे उकळणे, दहशत बसवणे, गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी कृत्ये करणे यांना या कायद्यान्वये सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड होऊ शकतो. मात्र त्याच कायद्याच्या वगळणुकीच्या कलमात वास्तुशास्त्राचा सल्ला, जोशी-ज्योतिषी आणि नंदीबैलवाले ज्योतिषी यांचा सल्ला, तसेच भूगर्भातील पाण्याबाबतचा सल्ला यांचा उल्लेख आहे. म्हणजे भविष्य सांगून पैसे घेणे हा महाराष्ट्रात गुन्हा नाही. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मात्र दैवी शक्तीचा दावा करून यंत्रे विकणाऱ्या दूरचित्रवाणीवरील जाहिराती बेकायदा ठरवल्या.

करआकारणीतही एक गंमत आहे. धार्मिक विधी करण्याच्या सेवेवर वस्तू व सेवा कर नाही. ज्योतिषाच्या सल्ल्यावर, व्यावसायिकाची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यास, १८ टक्के कर लागतो. तेव्हा सल्ला स्वस्त ठेवून पूजा महाग ठेवण्याला सरकारी पाठबळच मिळते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मोबदला देऊन घेतलेल्या सेवेला संरक्षण देतो आणि मोफत सेवा वगळतो. दक्षिणा म्हणून ठेवलेल्या, पावती नसलेल्या पैशाला मोबदला म्हणून सिद्ध करणे किती कठीण, हे सांगायला वकील लागत नाही. ब्रिटनने २००८ मध्ये मृतात्म्यांचे ‘माध्यम’ म्हणवणाऱ्या भोंदूंविषयीचा १९५१ चा स्वतंत्र कायदा रद्द करून हा व्यवसाय सर्वसाधारण ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणला. गूढ शक्ती खरी की खोटी या वादात न पडता विक्रेता गिऱ्हाइकाशी सरळ वागला का, एवढेच तेथे पाहिले जाते.

खरे-खोटे पाहण्याचा प्रयत्न महाराष्ट्रातही झाला. डॉ. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये हुशार शाळकरी मुले आणि मतिमंद मुले यांच्या प्रत्येकी शंभर पत्रिका गोळा करून ज्योतिषांना त्या ओळखायला दिल्या. प्रत्येकी चाळीस पत्रिका तपासून उत्तर पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांचे सरासरी यश ४६ टक्के भरले. नाणे उडवले असते तर ५० टक्क्यांच्या आसपास भरले असते. हे निष्कर्ष २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. किमतीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की महाग ज्योतिषी स्वस्त ज्योतिषापेक्षा अधिक अचूक असेल असे मानायला आधार नाही, आणि अचूकतेसाठी म्हणून जादा पैसे मोजणे व्यर्थ आहे. मन मोकळे करायला, घरातल्या निर्णयाला कोणाचा तरी दुजोरा मिळवायला किंवा परंपरा म्हणून कोणी जोशाकडे जात असेल, तर त्याची जी किंमत त्याला परवडते ती त्याने द्यावी. तो त्याचा प्रश्न आहे.

मात्र जाणाऱ्याने पत्रिका पुढे करण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: आजची फी किती, पुढे काही उपाय निघाल्यास त्याचा सगळा मिळून खर्च किती, आणि या पैशाची पावती मिळेल का. यांपैकी एकाचेही उत्तर ‘आधी बघू’ असे आले तर पाकीट न उघडता उठावे, आणि धाक घालून पैसे मागितले जाऊ लागले तर थेट पोलीस ठाणे गाठावे. जादूटोणाविरोधी कायद्याखालील गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे तक्रार नोंदवून घेणे पोलिसांवर बंधनकारक आहे.